सत्तेचाळीस नंबरचं इंजिन

आमच्या धारूरला रेल्वे नाही. दर निवडणुकीला ती येते आणि मतं पडली की परत जाते. त्यामुळे गावात पहिलं वाफेचं इंजिन आलं ते विमानातून, माझ्या दिराच्या बॅगेत, दोन बनियनांत गुंडाळून. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार अशी तेव्हा हाकाटी होती, आणि त्यांना शहाणं करायला आमचा दीर अमेरिकेला गेला होता. सुट्टीवर आला तो ही आगगाडी घेऊन. वीतभर लांबीचं काळं इंजिन, त्याला जोडलेली कोळशाची गाडी, तीन प्रवासी डबे, गोल जोडायचे रूळ आणि चालवायचा एक खोका.

सोबत एका छोट्या पिशवीत साउंड डिकोडर होता. म्हणजे बोटाच्या पेराहून थोडी मोठी हिरवी पट्टी, तिच्यातून निघालेल्या रंगीत तारा, आणि रुपयाएवढा एक स्पीकर. हे आत बसवलं की इंजिन खऱ्यासारखं भकभक करतं, शिट्टी मारतं, उभं असताना सुस्कारे टाकतं, असं दीर म्हणाला. बसवायला मात्र त्याला वेळ नव्हता. त्याने खोक्याचा प्लग तेवढा भिंतीत घातला. अमेरिकेतल्या विजेचा दाब आपल्याहून निम्मा असतो, हे तिथे राहून आलेला माणूस विसरला. फट् झालं, जळका वास सुटला, आठवड्याभरात त्याची सुट्टी संपली आणि आगगाडी बैठकीतल्या कपाटात काचेआड गेली.

मी त्या घरची सून. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, आणि रुखवतात मी स्वतः जोडलेला रेडिओ मांडला होता. सासरकडच्या बायकांनी तो उचलून पाहिला, कान लावला आणि शेवयांच्या ताटाशेजारी परत ठेवला. 'हुशार हाय पोरगी,' म्हणाल्या. त्या हुशारीचं पुढे काय करायचं, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

सासरी किराणा-भुसाराचं मोठं दुकान होतं. माणसं वाईट नव्हती. जेवायला कमी नव्हतं, कोणी हात उगारत नव्हतं, सणाला साडी न मागता येई. हेच तर अवघड होतं. मारझोड करणाऱ्या घरातून बाई पळून तरी जाईल. लाड करणाऱ्या घरातून कुठल्या तोंडाने पळणार? डोक्यावर पदर, सकाळचा स्वैपाक, दुपारचं निवडणं-टिपणं, संध्याकाळचा स्वैपाक. माडीच्या खिडकीतून एस.टी. स्टँडकडे जाणारा रस्ता दिसायचा. मी धान्य निवडायला सूप घेऊन मुद्दाम तिथेच बसायची आणि केजकडे निघालेल्या गाड्या बघायची. कधी कधी हातातलं सूप तसंच खाली फेकावंसं वाटे.

मला नोकरी करायची होती. अंबाजोगाईला नवं खाजगी तंत्रनिकेतन निघालं होतं आणि माझ्या जुन्या मॅडम तिथे गेल्या होत्या. प्रयोगशाळेत मुलांना शिकवायला माणूस लागेल तेव्हा तुला बोलावते, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. सकाळच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळी परत. नवरा माझ्या बाजूचा होता; फक्त वडिलांसमोर त्याला बाजू नसायची. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. कपाळभर भस्म लावणारा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी कधी कशाला नाही म्हटलं नाही. ते 'बघू' म्हणायचे. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. 'बघू'शी कसं भांडायचं, ते मला आजही ठाऊक नाही.

श्रावण लागला तेव्हा मामंजींच्या मनात आलं की यंदा महालक्ष्म्यांपुढच्या आराशीत ही आगगाडी पळाली पाहिजे, आणि शिट्टी मारत पळाली पाहिजे. आमच्याकडे महालक्ष्म्या तीन दिवस, आणि त्यांच्यापुढची आरास बघायला अख्खं गाव घरोघर फिरतं. कोणाकडे कारंजं, कोणाकडे हलणारा हत्ती. आमच्याकडे दर वर्षी तीच चिनी मातीची बदकं. मामंजींना ती बदकं फार दिवस सलत होती.

"सूनबाई, तुमी ते बिजलीचं शिकल्या न्हाई का?" त्यांनी दाराआडून विचारलं. मी स्वैपाकघरात होते.

मी पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सौदा केला. म्हटलं, "मामंजी, गाडी वाजवते. पण मग अंबाजोगाईचं बोलावणं आलं तर मला जाऊ द्याल का?"

"आदी वाजवा तर. मंग बघू."

त्या 'बघू'त मला 'हो' ऐकू आलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

खोक्यातला वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तेवढा जळला होता; त्याच्यासाठी मी कागदावर आकडे लिहून दिले. नवऱ्याने बाजारातल्या मोटारी गुंडाळणाऱ्या चाचांकडून आपल्या विजेवर चालेल असा ट्रान्सफॉर्मर करून आणला. मग दुपारी सगळे झोपले की मी माडीवर जाऊन इंजिन उघडायची. खालचे स्क्रू काढले की वरचं टरफल निघतं आणि आत दिसते एक छोटी मोटर. अडचण अशी की त्या मोटरीचं एक टोक इंजिनच्या धातूच्या सांगाड्याला टेकलेलं होतं. साध्या गाडीला ते चालतं. डिकोडर बसवायचा तर रुळातून येणारी वीज आधी डिकोडरात गेली पाहिजे आणि तिथून मोटरीला. मधे कुठेही चोरवाट राहिली की पहिल्याच झटक्याला डिकोडर जळतो. आणि डिकोडर एकच होता. दुसरा आणायचा तर पुन्हा दोन हजार साल उजाडायला हवं होतं.

मी ते टोक सोडवलं, मधे सायकलच्या ट्यूबचा बारीक तुकडा घातला आणि मीटर लावून परत परत तपासलं. मग लाल आणि काळी तार रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरीला, पांढरी पुढच्या दिव्याला. डिकोडर इंजिनात मावत नव्हता, म्हणून तो मागच्या कोळशाच्या गाडीत बसवला. स्पीकरही तिथेच. पण नुसता स्पीकर डासासारखा आवाज देई. त्याच्या मागची हवा कोंडली तरच आवाजाला पोट येतं. मापाची प्लास्टिकची डबी शोधत मी खाली आले, तेव्हा सासूबाई जाग्या होत्या.

त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. माझ्याशी त्या कामापुरतंच बोलायच्या. काय शोधतेस म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी देवळीतून कुंकवाची जुनी डबी काढली, कुंकू कागदावर ओतलं, डबी पदराने पुसली आणि मला दिली. आणि मग माझ्यामागे जिना चढून वर आल्या.

त्या दुपारी इंजिन पहिल्यांदा बोललं. आधी हळू सूं... असा वाफेचा आवाज, मग भक्, भक्. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. आत्याबाई मात्र मान तिरकी करून ऐकत होत्या.

"अशी न्हाई सुटत ती," त्या म्हणाल्या. "आदी ताण खाती. लई जड असती ना. एक भक् म्हंती, मंग ऱ्हाती, मंग दुसरी."

त्यांचं माहेर परळीचं. घरामागून रूळ जायचे. लग्न होऊन धारूरला आल्या त्याला तीस वर्षं झाली होती आणि मी सून होऊन आल्यापासून त्यांनी मला माहेराबद्दल सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

मग आमच्या दुपारच्या बैठका सुरू झाल्या. डिकोडरात पुष्कळ कप्पे असतात असं समजा. प्रत्येक कप्प्याला नंबर आणि आत एक आकडा. गाडीने किती सावकाश सुटावं याचा एक कप्पा, शिट्टी कुठली याचा एक, आवाज किती याचा एक. आकडा बदलायचा तर इंजिन मोठ्या गोलावर न ठेवता रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवायचं आणि खोक्यावरून आकडा पाठवायचा. तो पोचला की इंजिन जागच्या जागी एक बारीक हिसका देतं. म्हणजे समजलं. त्या घरात मला चटकन 'हो' म्हणणारी तेवढी एकच वस्तू होती. मी आकडा वाढवायची, आत्याबाई म्हणायच्या, "अजून जड कर." शिट्ट्याही त्यांनीच निवडल्या. एक ऐकून म्हणाल्या, "ही काय, शेळीवानी." दुसरीला नुसत्या डोळे मिटून बसल्या. तीच ठेवली.

आणि मग मी एक शहाणपणा केला.

प्रत्येक इंजिनाला हाक मारायचा नंबर असतो. खोक्यावर तो नंबर दाबला तरच इंजिन ऐकतं. कारखान्यातून सगळी इंजिनं तीन नंबरची येतात, आणि हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं होतं. नवरा आणि मामंजी एकदा तीन दाबून गाडी चालवून गेले आणि वळणावर पाडून गेले. मला धास्ती बसली. उद्या ही कोणालाही चालवता आली तर माझं काय राहिलं? सौदा कशाच्या बळावर? माझ्या आईने पाठवणीच्या वेळी कानात सांगितलं होतं की तुझ्यावाचून त्या घरातलं पान हलू नये, अशी राहा. आईचं ऐकलं. इंजिन तुकड्यावर ठेवलं, तीनचा सत्तेचाळीस केला. सत्तेचाळीस हा माझा कॉलेजातला हजेरी नंबर. इंजिनाने हिसका दिला.

त्यानंतर मामंजींनी तीन दाबलं तर इंजिन मुकं. मला बोलावणं येई. मी पाठमोरी होऊन नंबर दाबायची आणि ते सुस्कारा टाकून जागं व्हायचं. "तिच्या हाताला गुण हाय," मामंजी म्हणाले. मी मनात मांडे खात होते.

महालक्ष्म्या बसल्या. गाडी कोणी चालवायची याबद्दल प्रश्न नव्हता, पण कुठे बसून, हा होता. आरास बघायला परकी पुरुषमाणसं येणार, त्यांच्यासमोर घरची सून खोका मांडीवर घेऊन कशी बसणार? म्हणून मखराच्या मागे, जरीच्या पडद्याआड मला पाट दिला. पडदा आणि भिंत यांच्यात जेमतेम मांडी घालण्याएवढी जागा. समोर दोन्ही महालक्ष्म्यांच्या पाठी, साड्यांना टाचलेल्या पिना, आतले लोखंडी स्टँड. पडद्याला एक फट ठेवली होती, तिच्यातून रुळाचा टीचभर भाग दिसे. गाडी तिथून गेली की कळायचं. बाकी सगळं आवाजावर. दुपारी बसले ती दिवे लागून गेले तरी तिथेच. उकडत होतं, पाय मेले होते, उदबत्तीचा सगळा धूर मागे येत होता.

"आपोआप चालती?" बाहेर कोणीतरी विचारलं.

"आपोआप," मामंजी म्हणाले. "अमेरिकेची हाय."

मी शिट्टीचं बटण इतका वेळ दाबून धरलं की पोरं कानात बोटं घालून ओरडली. बाहेर सगळे खूश. मला तो पडदा फाडावासा वाटत होता. तिथे मागे बसून मला पहिल्यांदा नीट कळलं की मी ज्याला दार समजत होते ती भिंत आहे.

आमच्या गाडीचं गावात नाव झालं. सण गेला तरी दुकानात आलेला व्यापारी, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांना गाडी बघायची असे. "सूनबाई, जरा या." हातातलं पीठ धुऊन मी यायची, पडदा नाही तर दार तरी आड असेच. नोकरीचं विचारलं की मामंजी म्हणत, "आता गाडीचं कसं करता? पुढच्या साली बघू." माहेरी गेले तर चौथ्या दिवशी निरोप की पाहुणे येणार आहेत, या. तुझ्यावाचून पान हलू नये! हललंच नाही. मीही नाही हलले.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी दुकानातल्या फोनवर मॅडमचा फोन आला. जागा निघाली आहे, मुलं येऊन बसली आहेत, सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला घेतील. सोमवार म्हणजे महालक्ष्म्यांचा तिसरा दिवस. जेवणावळ झालेली, रात्री बोळवण. दिवसभर हळदीकुंकू आणि आरास बघणाऱ्यांची रीघ. नवऱ्याने जेवताना वडिलांच्या कानावर घातलं. त्याने तेवढं केलं, हेही नवलच.

मामंजींनी घास संपवला. "सैपाकाचं काय, कोणीबी करंल. पण गाडी?"

एवढंच. रागावले नाहीत. ताट बाजूला सारून हात धुवायला गेले. मी पोळी लाटत होते ती तशीच थांबले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि माझ्या जागी स्वैपाकाला कोणीही चालत होतं, पण त्या वीतभर इंजिनाला मीच लागत होते. मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी पिठावर पडलं.

आत्याबाईंनी पाहिलं. दुपारी माडीवर आल्या, खोका पुढे ओढला आणि म्हणाल्या, "शिकव मला."

मी म्हटलं, "नुसतं शिकून नाही होणार, आत्याबाई." आणि नंबरची सगळी हकीकत सांगून टाकली. तीनचा सत्तेचाळीस कसा केला, का केला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी इंजिन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"म्हंजी कडी तूच लावून घेतलीस व्हय? आतून?"

मी इंजिन तुकड्यावर ठेवलं आणि सत्तेचाळीस पुसून तीन भरला. हिसका बसला. आत्याबाईंना इंग्रजी आकडे येत नव्हते. तीनच्या बटणाला त्यांनी हळदीचं बोट लावलं, शिट्टीच्या बटणाला कुंकवाचं, आणि म्हणाल्या, "आता सांग." त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी गाडी सोडायची ती घाईने. त्या तिला ताण खाऊ द्यायच्या. वळणाच्या आधी आपसूक हळू करायच्या. शिकवता शिकवता मी विचारलं, तुम्ही परळीला शेवटचं कधी गेला होता? "भाऊ गेला तवा," म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

सोमवारी सकाळी मी साडी नेसून, डबा घेऊन खाली आले. अंगणात सडा-रांगोळी झाली होती. मामंजी भस्म लावून बाहेरच्या खोलीत आले आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"कुठं?"

आत्याबाईंनी मखरामागचा पाट उचलला आणि रुळासमोर, भर बैठकीत मांडला. खोका मांडीवर घेतला. हळदीचं बटण, मग वेगाची चक्री. इंजिनाने सुस्कारा टाकला, एक भक् केलं, थांबलं, दुसरं केलं, आणि तीन डबे ओढत निघालं. मामंजी गाडीकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते. तीस वर्षांत त्या अशा, पदर खांद्यावर आणि पाय पसरून, त्यांच्यासमोर बसल्या नसाव्यात.

"तुला कोण शिकवलं?"

"तिनंच. जाऊ द्या तिला, गाडी चुकंल तिची."

मामंजींनी सावकाश विचार केला. माघार घेणाऱ्यातले ते नव्हते. "आन् बायका आल्या, तू हळदीकुकवाला उठलीस, मंग? मंग कोन चालवायची?"

आत्याबाईंनी चक्री शून्यावर आणली. गाडी थांबली. पाटावरून उठून त्यांनी खोका मामंजींपुढे धरला.

"मंग तुमी शिका की. दोनच बटनं हायत."

नवरा भिंतीकडे बघत होता. मामंजींचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि मला वाटलं आता ते 'बघू' म्हणणार. पण बघायला काही उरलं नव्हतं, खोका नाकासमोर होता. बायकोचे हात तसेच पुढे, जरासुद्धा खाली येईनात. शेवटी त्यांनी धोतर सावरलं आणि पाटावर बसले.

मी चपला घातल्या. अंगणातून बाहेर पडताना मागून आत्याबाईंचा आवाज आला, "हळू फिरवा, अवो, पडंल ती," आणि मी पदर खोचून स्टँडकडे पळत सुटले.